कमरेत डिस्क बल्ज आणि तोंडावर लग्नाचा सीझन : कॅमेरा धरायचा की ठेवायचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की वय २९, पुण्यात लग्नाची शूट करतोस, गिंबल (कॅमेरा न हलता धरायचा हातातला स्टँड) तूच धरतोस, एका हळदीला वाकून शॉट घेताना कमरेत कळ आली, आता उजव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येतात, एमआरआयमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये, डिस्क बल्ज (बाहेर फुगलेली गादी) निघालाय, डॉक्टर म्हणतात सहा आठवडे वजन उचलायचं नाही आणि तुळशीचं लग्न झालं की तुझी बुकिंग सुरू. तर पट्टा लावून, गोळ्या खाऊन सीझन काढता येईल का, नाही तर हे काम सोडून द्यावं का, आणि कॅमेऱ्याचं वजन अंगावर पेलणारं ईझीरिग किंवा वेस्ट घ्यावं का.

पट्टा आणि गोळीच्या जोरावर सीझन काढू नकोस. आणि काम सोडायची वेळही बहुतेक येणार नाही, पण ज्या पद्धतीने आजवर काम केलंस ती पद्धत मात्र सोडावी लागेल. मी डॉक्टर नाही, २००१ पासून कॅमेरा धरतोय, आधी न्यूज, नंतर सिरीयल आणि डॉक्युमेंटरी, २००९ ला माझी एल५-एस१ ची, म्हणजे तुझ्या खालचीच, डिस्क गेली आणि त्यानंतरही आजपर्यंत याच कामावर घर चालतंय, त्यामुळे जे सांगतोय ते स्वतःच्या अंगावर काढलेलं आणि डॉक्टर-फिजिओकडून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी हे वाच आणि घरच्यांनाही सांगून ठेव. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला बसायचा भाग बधिर वाटायला लागला, दोन्ही पायांतली ताकद गेली, किंवा चालताना पंजा उचलला जात नाहीये आणि चप्पल पायातून निसटतेय असं लक्षात आलं, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं. लग्न चालू असेल तरी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊन निघायचं. तिथे काही तासांचा उशीरसुद्धा कायमचा महागात पडू शकतो. बाकी जे काही खाली लिहितोय ते या गोष्टी नसतील तरच.

आता माझं काय झालं ते सांगतो, कारण चूक नेमकी कुठे होते ते त्यातून कळेल. २००९ च्या विधानसभा निवडणुकीचा प्रचार, मुंबईहून सोलापूर, इंडिकामध्ये मागच्या सीटवर मांडीवर बॅग घेऊन सात-आठ तास, सभा सुरू व्हायला दहा मिनिटं, गाडी थांबली तसा उतरलो आणि डिकीतून ट्रायपॉडची बॅग एका हाताने ओढून काढली, अंग वळलेलं, कंबर वाकलेली. तिथेच कट्ट झालं. त्याआधी मी आठ किलोचा कॅमेरा खांद्यावर घेऊन गिरगाव चौपाटीला विसर्जनाला रात्र रात्र उभा राहिलोय, तेव्हा काही झालं नव्हतं, आणि गेली ती एका ट्रायपॉडच्या बॅगेने. खूप वर्षं मला हे कोडं वाटायचं. कोडं नाही ते. तासन् तास पोक काढून बसलं की कमरेचे लिगामेंट ताणून सैल पडतात, डिस्कवर पुढून दाब येत राहतो, आणि त्या अवस्थेत उतरून लगेच वाकणं, वळणं आणि उचलणं ही तिन्ही एकदम केली की कंबर जाते. म्हणून माझा आजचा नियम असा की गाडीतून उतरल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं चालायचं, लोकेशन बघायचं, चहा प्यायचा, आणि मग डिकी उघडायची. कोणी कितीही ओरडो.

पण खरी चूक ती नव्हतीच, खरी चूक त्यानंतरचे नऊ दिवस. मी ऑफिसला सांगितलं नाही. फ्रीलान्सर होतो, वाटलं निवडणुकीत आजारी पडलो तर पुढच्या वेळी फोन येणार नाही. रोज सकाळी गावातल्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन आणि दिवसभर सभा. इंजेक्शनने दुखणं कळत नाही पण नस दबायची ती दबतच राहते, उलट कळत नाही म्हणून आपण जास्त वाकतो. दहाव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा बधिर, उभं राहवेना, आणि मग साडेतीन महिने घरी. पहिल्याच दिवशी सांगून थांबलो असतो तर एवढं लांबलं नसतं असं मला आजही वाटतं. ते काम तर दोन दिवसांत दुसऱ्याला मिळालंच.

म्हणून तुझ्या सहा आठवड्यांबद्दल आधी बोलू. सहा आठवडे वजन उचलू नको याचा अर्थ सहा आठवडे गादीवर पडून राहा असा नाही, हे डॉक्टरांना नीट विचारून घे. अगदी असह्य असेल तर एक-दोन दिवस आडवं व्हायचं, त्यानंतर सोसेल तेवढं चालायला लागायचं, जास्त पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि बरं व्हायला उलट वेळ लागतो. पायात उतरलेलं दुखणं बहुतेक लोकांचं ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय खूप कमी होतं. आणि बल्ज हा शब्द वाचून हादरून जाऊ नकोस, ज्यांची कंबर आयुष्यात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये बल्ज सापडतो. रिपोर्टपेक्षा तुझा पाय काय सांगतोय ते महत्त्वाचं. या काळात एडिटिंग उरकून घेऊ असं तुझ्या डोक्यात नक्की असेल, माझ्याही होतं, आणि तिथे मी अजून एक महिना घालवला, कारण सलग बसणं कमरेला उभं राहण्यापेक्षा जड जातं. एडिट करायचंच तर लॅपटॉप उंच टेबलावर ठेवून उभ्याने कर, नाहीतर दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठ.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यामुळे मी परत काम करू शकलो. आपण सगळे विचारतो कॅमेरा किती किलोचा. कंबर मात्र विचारते की तो माझ्यापासून किती लांब आहे आणि किती वेळ. कमरेचे मागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर असतात, आणि तू गिंबल धरलेला हात पन्नास सेंटीमीटर पुढे. दहापट. तुझ्या कॅमेऱ्याची बॉडी सातशे ग्रॅम, २४-७० लेन्स सातशे ग्रॅम, आरएस ३ प्रो गिंबल दीड किलो, म्हणजे तीन किलोच्या आसपास, आणि ते हात लांब करून धरलं की कमरेच्या स्नायूंना तीस किलोची ओढ लावावी लागते. त्यात तू वाकलेला असलास तर तुझ्या स्वतःच्या धडाचं, डोक्याचं आणि हातांचं वजनही त्याच स्नायूंवर, आणि ते शरीराच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे हळदीला पाटावर बसलेल्या नवरीच्या पायाचा शॉट घ्यायला तू कंबरेतून वाकून हात पुढे करून वीस सेकंद थांबतोस ना, तो अख्ख्या लग्नातला सगळ्यात जड शॉट असतो, वरातीपेक्षाही. खांद्यावरचा जुना आठ किलोचा कॅमेरा मणक्याच्या जवळजवळ वर बसायचा, त्यामुळे तो कमरेला हातातल्या तीन किलोच्या गिंबलपेक्षा सोपा जायचा, त्याचा त्रास वेगळा, तो एका बाजूला झुकवायचा आणि मान धरायचा.

मला हे एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी शिकवलं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत म्हणाल्या उद्या येताना कॅमेरा घेऊन या. नेला. त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या सेटवर उचलता तसा उचला. मी पाय न वाकवता कंबरेतून खाली गेलो, एका हाताने वरचं हँडल धरलं आणि वळून खांद्यावर घेतला. त्यांनी विचारलं असं दिवसातून किती वेळा करता. मला सांगताच येईना. परत कामाला लागल्यावर पहिल्या दिवशी असिस्टंटला मोजायला सांगितलं, ८४ वेळा. त्या दिवसापासून माझा कॅमेरा जमिनीवर जात नाही. अॅपल बॉक्स (सेटवरची लाकडी पेटी), खुर्ची, टेबल, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट, गाडीची डिकी, काहीही चालेल पण मांडीच्या उंचीवर. अगदीच जमिनीवरून घ्यायचा असेल तर एक गुडघा टेकून, कॅमेरा आधी मांडीवर, मग अंगाजवळ, मग उभं राहायचं. हा एकच बदल केलास तरी निम्मी लढाई झाली.

तुझ्या कामाला हे लावून बघू. हळद, गौरीहर, कन्यादान, आपल्याकडे बहुतेक सगळं जमिनीवर बसून चालतं, आणि फोटोग्राफर-व्हिडिओग्राफर चार तास कंबरेत घडी घालून फिरतात. तू खाली जाऊन बस. चांगले नी-पॅड घे, एक बुटका स्टूल गाडीत ठेव, मंगल कार्यालयात चौरंग तर असतोच, त्याच्यावर बसून कॅमेरा गुडघ्यावर टेकवून शूट कर. लो अँगल गिंबलने हवाच असेल तर गिंबल उलटा करून ब्रीफकेससारखा धर, म्हणजे तू सरळ उभा आणि कॅमेरा खाली. हात शक्यतो बरगड्यांना चिकटलेले. शॉट संपला की गिंबल खाली, म्हणजे टेबलावर, उगाच हातात धरून पुढच्या विधीची वाट बघायची नाही, भटजी काय वेळ लावायचा तो लावोत. मंगलाष्टकांना मोनोपॉड (एका पायाचा स्टँड), सगळे उभेच असतात आणि अक्षता पडताना कॅमेरा जितका स्थिर तितका छान दिसतो. वरात यावर्षी दुसऱ्याला दे. डीजेच्या पुढे गर्दीत उलटं चालणं, मागे खड्डा की माणूस ते दिसत नाही, कोणाचा तरी धक्का बसणार आणि तू कॅमेरा वाचवायला अंग वेडंवाकडं वळवणार.

कमी हललो तर काम पडेल अशी भीती मलाही होती. २०११ च्या वारीत ती गेली. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि शेवटी दिवेघाट. आधीची सगळी वर्षं मी घाटात रथाच्या पुढे पळायचो, वळायचो, उलटा चालायचो. त्या वर्षी पळणं शक्यच नव्हतं म्हणून आदल्या दिवशी जाऊन घाटात तीन जागा ठरवल्या, ट्रायपॉड लावला आणि दिंड्यांची वाट बघत बसलो. खालून वर येणारी ती माणसांची रांग, टाळांचा आवाज आधी येतो आणि मग वळणावर पताका दिसतात, एक आजी माझ्या फ्रेममध्ये थांबली, पदराने तोंड पुसलं, वर घाटाकडे बघून हात जोडले आणि परत चालायला लागली. पळत असतो तर ती मला दिसलीच नसती. तेव्हापासून मी लोकेशनला गेल्यावर आधी विचारतो की इथे कुठे उभं राहिलं तर गोष्ट माझ्याकडे चालत येईल.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण पुण्यातला आहेस म्हणून विचारतो. शूटला बाईकवर जातोस का, पाठीवर सगळी बॅग घेऊन? कारण बारा-पंधरा किलोची सॅक, बाईकवर पुढे झुकलेली कंबर आणि रस्त्यातले खड्डे, यात प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट तुझ्या एल४-एल५ ला बसतो. मी तर म्हणेन तुझी कंबर हळदीला फक्त बोलली, बिघडली रस्त्यावर असेल. सीझनभर रिक्षा, कॅब, असिस्टंटची गाडी, काहीही कर आणि तो खर्च कोटेशनमध्ये धर. सामान एका मोठ्या बॅगेत नको, दोन लहान आणि चाकं असलेली.

पट्टा वाईट नाही, डॉक्टरांनी सांगितला असेल तर सांगितला तेवढे दिवस, तेवढे तास लाव. पण पट्टा लावलाय म्हणून जास्त उचलणं म्हणजे त्याचा उलटा उपयोग. गोळ्यांचंही तेच, डॉक्टरांनी दिलेल्या घे, पण मेडिकलमधून स्वतःच आणून उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता दिवसाला तीन-तीन खाणारे लोक मी सेटवर बघतो, त्याने पोटाला आणि किडनीला इजा होते. आणि चोळून घेणं, कंबर बसवून घेणं. माझ्या आत्याने तेव्हा पायाळू (जन्मताना पाय आधी आलेला) माणूस शोधून आणला होता, त्याने पाठीला तीनदा पाय लावला, गावाकडे उसण भरली की हेच करतात, उसण म्हणजे धरलेला स्नायू, तो तीन-चार दिवसांत तसाही सुटतो म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. तिची माया मी विसरणार नाही. पण पायात मुंग्या उतरल्या की ती उसण राहिली नाही, तिथे कोणालाही कंबर वळवून कडकन मोडू देऊ नकोस.

व्यायाम कुठला ते तुझ्या फिजिओला ठरवू दे, माझे बघून करू नकोस. मला तीन दिले होते, उताणं पडून डोकं-खांदे किंचित उचलायचे, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग सरळ धरायचं आणि हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि उलटा पाय लांब करायचा, आणि रोजचं चालणं. पंधरा मिनिटांचं काम आहे, मी आजही करतो, आउटडोअरला हॉटेलच्या खोलीत टॉवेल टाकून करतो. फक्त झोपेतून उठल्या उठल्या नको. रात्रभर आडवं राहून डिस्क पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे सकाळचा पहिला तास वाकणं सगळ्यात जोखमीचं. सकाळचा मुहूर्त असेल तर तासभर आधी उठ, बूटसुद्धा खुर्चीवर बसून पाय वर घेऊन घाल.

ईझीरिग किंवा वेस्ट घेऊ का असं विचारलंयस. ईझीरिग बनवलं तेच एका स्वीडिश कॅमेरामनने, योहान हेलस्टेनने, १९९० च्या दशकात, स्वतःची मान-पाठ दुखायची म्हणून, आणि चांगलीच वस्तू आहे, हात आणि खांदे मोकळे होतात, भार कमरेच्या हाडांवर जातो. पण वजन नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं, वर त्या फ्रेमचं स्वतःचं वजन, आणि तुझी दुखरी जागा नेमकी खालीच आहे. त्यामुळे आत्ता विकत घेऊ नकोस. पाय पूर्ण शांत झाल्यावर एक दिवस भाड्याने आण, घरी अर्धा-अर्धा तास घालून बघ, दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते ते बघ, मग ठरव. हे पैसे आत्ता माणसावर घाल.

माणूस म्हणजे सेकंड शूटर. आणि इथे तुला सगळ्यात अवघड काम करायचंय, ते म्हणजे सांगणं. ज्यांची बुकिंग घेतलीस त्यांना फोन कर, आत्ताच, सीझनच्या आधी. मला कमरेची दुखापत झालीये, तुमचं शूट मी स्वतः उभा राहून करून घेणार, फ्रेम माझ्या, एडिट माझा, गिंबल माझा माणूस धरेल. बहुतेक लोक समजून घेतात, त्यांना भीती आयत्या वेळी कोणी न येण्याची असते. एखादं बुकिंग जाईल, जाऊ दे. उरलेल्यात नफा कमी होईल हे खरं आहे आणि ईएमआय असताना ते सोपं नाही हे मला माहितीये, पण मांडवात मध्येच बसलास तर अॅडव्हान्सही परत आणि नावही गेलं. आणि ज्याला गिंबल देशील त्यालाही हात अंगाजवळ ठेवायला शिकव, त्याच्या कमरेचं ओझं करून आपली वाचवायची नाही. आपल्या धंद्यात कॅमेरा अटेंडंट आणि लाइटची पोरं सगळ्यात जास्त उचलतात आणि त्यांच्या पाठीचं कोणी विचारत नाही, सेटवर मला अजूनही याचा राग येतो.

पैशांचं अजून एक. आपल्याला ईएसआय (नोकरदारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, पगारी रजा नाही. मेडिक्लेम असेल तर बघ, साधारणपणे तो अॅडमिट झाल्यावरचा खर्च देतो, फिजिओच्या सिटिंगचा नाही. अपघात विमा, ज्यात काम बंद राहिल्यास आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते, तो पुढच्या वर्षासाठी नक्की घे, पण त्यात अपघातच धरतात, हळूहळू झिजलेली डिस्क बऱ्याचदा धरत नाहीत, त्यामुळे सही करायच्या आधी ते कलम वाचून घे.

परत कधी उचलायचं, तर तारखेवर नाही, पायावर ठरव, आणि डॉक्टरांना विचारून. आधी अर्धा तास न थांबता चालता यायला हवं. मग घरात नुसता कॅमेरा, गिंबलशिवाय, दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या वाढल्या नसतील तर वीस. मग मोनोपॉडवर एखादं छोटं साखरपुड्याचं काम. गिंबल सगळ्यात शेवटी.

आणि आजपासून एक वही कर. रोज रात्री दोन ओळी, दिवसभरात काय केलं आणि मुंग्या कुठपर्यंत होत्या, पावलापर्यंत, पोटरीपर्यंत, मांडीपर्यंत की नुसती कंबर. दुखणं पायातून वर सरकत कमरेकडे गोळा व्हायला लागलं तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. पोटरीवरून घोट्याकडे, बोटांकडे उतरायला लागलं तर त्या दिवशी जे केलंस ते थांबव आणि वही घेऊन फिजिओकडे जा. तीन आठवडे लिही आणि मग मला सांग मुंग्या कुठे आहेत, त्यावरून बघू तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं बुकिंग तू मोनोपॉडवर करायचं की खुर्चीत बसून नुसतं मॉनिटरवर.